घरातल्या वस्तूंची खानेसुमारी

दिवाळीच्या आधी घर आवरायला काढलं की एक दृश्य बहुतेक घरांत दिसतं. माळ्यावरचं सगळं खाली येतं, बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि संध्याकाळपर्यंत त्यातलं जवळजवळ सगळं पुसून-झटकून पुन्हा माळ्यावर जातं. ‘असू दे, लागेल कधीतरी’ हे वाक्य त्या दिवशी किती वेळा उच्चारलं जातं कोण जाणे!

गेल्या दिवाळीत आम्ही चौघा शिक्षकांनी ठरवलं की वस्तू परत जागेवर ठेवण्याआधी त्या मोजायच्या. प्रत्येकाने आपापल्या घरातला एकेक भाग निवडला. कुणी स्वयंपाकघर घेतलं, कुणी स्वतःचं कपड्यांचं कपाट, कुणी लिहिण्या-वाचण्याचं सामान, तर कुणी माळा. अट एकच होती. मोजण्याआधी आपला अंदाज कागदावर लिहून ठेवायचा.

अंदाज सगळ्यांचेच चुकले. स्वयंपाकघरात दीडशे-एक वस्तू असतील असं वाटलं होतं. चमचे, वाट्या, डबे आणि त्यांची झाकणं धरून त्या ३९१ भरल्या. पेनं वीसेक असतील असं वाटलं होतं. निघाली ६३, त्यातली लिहिणारी २२. कपाटात ७४ कपडे निघाले, त्यातले गेल्या महिन्यात अंगावर चढलेले १९. माळ्यावर टीव्हीचं खोकं व्यवस्थित बांधून ठेवलेलं होतं. टीव्ही घरातून केव्हाच गेला होता.

इथे एक गोष्ट आमच्या लक्षात आली. अंदाज नुसते चुकले नव्हते, ते सगळे एकाच बाजूला चुकले होते. प्रयोगशाळेत मोजमाप करताना काही नोंदी थोड्या जास्त येतात, काही थोड्या कमी, आणि सरासरी काढली की चूक बरीचशी पुसली जाते. पण चूक दर वेळी एकाच दिशेने होत असेल तर तिच्यामागे काहीतरी ठरावीक कारण असतं. आमच्या बाबतीत ते कारण सरळ होतं. वस्तू म्हटलं की आपल्याला वापरातली वस्तू आठवते. जी वापरात नाही ती समोर असली तरी भिंतीसारखीच होऊन जाते. ती दिसावी म्हणून मोजावं लागतं.

मोजणारे आपण एकटे नाही

वस्तू मोजण्याचा हा उद्योग इतरांनीही केला आहे, आणि तो गंभीरपणे केला आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसमधल्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी २००१ ते २००५ या काळात ३२ कुटुंबांच्या घरी जाऊन त्यांच्या रोजच्या जगण्याच्या आणि सामानाच्या नोंदी केल्या. त्यांच्यात पुरातत्त्वज्ञही होते. जमिनीखालच्या जुन्या वस्तीत सापडलेल्या वस्तूंची जशी नोंद ठेवतात, तशीच त्यांनी चालत्या-बोलत्या घरांची ठेवली. पहिल्याच घरात दोन झोपायच्या खोल्या आणि एक बैठकीची खोली, एवढ्यात २,२६० वस्तू मोजल्या गेल्या. या फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या. खणांतल्या आणि खोक्यांतल्या वेगळ्याच. बहुतेक कुटुंबांची मोटार घराबाहेर उभी असे, कारण मोटारीच्या खोलीत सामान भरलेलं होतं.

पीटर मेंझेल या छायाचित्रकाराने १९९४ मध्ये एक पुस्तक काढलं. त्यात ३० देशांतली ३० कुटुंबं आहेत, आणि प्रत्येक कुटुंब घरातलं सगळं सामान अंगणात मांडून त्याच्यासोबत उभं आहे. आपल्या देशातलं उत्तर प्रदेशातल्या एका गावचं कुटुंबही त्यात आहे. इंग्लंडमध्ये मायकेल लँडी या कलावंताने त्याच्याहून विचित्र गोष्ट केली. त्याने स्वतःच्या मालकीच्या प्रत्येक वस्तूची यादी केली. ती ७,२२७ वस्तूंची झाली. मग २००१ मध्ये लंडनच्या भर बाजारपेठेतल्या एका रिकाम्या दुकानात दोन आठवडे खपून त्याने त्या सगळ्यांचा चुरा केला.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर ही मोजणी शिक्षकच करतात! जनगणनेच्या घरयादीत कुटुंबाकडे रेडिओ, टीव्ही, फोन, सायकल, मोटारसायकल, मोटार वगैरे आहे का, हे विचारलं जातं. वाचकांपैकी कितीतरी जण ती कागदपत्रं काखोटीला मारून दारोदार हिंडले असतील. २००१ साली या यादीतली एकही वस्तू नसलेली कुटुंबं देशात ३४.५ टक्के होती. २०११ साली हे प्रमाण १७.८ टक्क्यांवर आलं. म्हणजे दहा वर्षांत ते जवळजवळ निम्मं झालं, तरीही सहा कुटुंबांमागे एकाहून अधिक कुटुंबांत यातलं काहीच नव्हतं.

हा आकडा आम्हाला ठाऊक होता. वर्गात शिरताना मात्र आम्ही तो विसरलो.

वर्गात काय झालं

मोजणीची गंमत वाटल्यामुळे आमच्यातल्या एकीने सातवीच्या मुलांना गृहपाठ दिला, ‘घरातल्या सगळ्या वस्तूंची यादी करून आणा.’ दुसऱ्या दिवशी याद्या आल्या. कुणाची पाच पानी, कुणाची सहा पानी. मुलं एकमेकांच्या वह्या ओढून आकडे बघू लागली. एका मुलीची यादी एका पानात संपली होती. त्यात शेवटी ‘फ्रीज’ आणि ‘सोफा’ ही दोन नावं वेगळ्या शाईने लिहिलेली होती. आमच्या बाई त्या मुलीच्या घरी एकदा जाऊन आल्या होत्या. घरात फ्रीज नाही, सोफाही नाही, हे त्यांना माहीत होतं.

त्या संध्याकाळी आम्ही चौघं बराच वेळ बोललो. चूक मुलीची नव्हती. ज्याच्या उत्तरातून फक्त श्रीमंतीचा क्रम लागेल असा प्रश्न आम्ही विचारला होता. ‘किती आहे’ हा आकडा वर्गात मोठ्याने वाचला गेला की मूल तो लपवणार किंवा फुगवणार. मग तो आकडा विज्ञानाच्याही कामाचा राहत नाही. प्रश्नच बदलायला हवा होता. पण कोणता विचारायचा?

उत्तर आम्हाला गणिताच्या जुन्या पुस्तकात मिळालं.

हौद आणि नळ

एका हौदाला दोन नळ आहेत, एक पाणी आत सोडतो, दुसरा बाहेर. ही उदाहरणं आपण सगळ्यांनी घाम गाळून सोडवली आहेत. घर हाही एक हौद आहे. वस्तू आत येतात, काही काळ राहतात आणि बाहेर जातात. आवरायच्या दिवशी आपण हौदातलं पाणी उपसतो, पण आत सोडणारा नळ तसाच चालू असतो. म्हणून पुढच्या दिवाळीला हौद पुन्हा भरलेला!

हौदाची पातळी साधारण स्थिर असेल तर एक सोपा नियम लागू होतो:

साठा = दर वर्षी येणाऱ्या वस्तू × वस्तू घरात राहते ती सरासरी वर्षं

जॉन लिटल या संशोधकाने १९६१ मध्ये या नियमाची गणिती सिद्धता दिली. दुकानातली रांग असो, रुग्णालयातल्या खाटा असोत की गोदामातला माल, तो सगळीकडे चालतो. मग कपाटात का चालू नये?

आमच्या कपाटवाल्या मित्राकडे ७४ कपडे होते. गेल्या वर्षात किती आले ते त्याने आठवून लिहिलं. दिवाळीचे, लग्नातल्या आहेराचे, सेलमध्ये घेतलेले, कुणी परदेशाहून आणलेले, असे एकूण १६. ७४ भागिले १६ म्हणजे सुमारे ४.६. त्याचा एक कपडा सरासरी साडेचार वर्षं घरात राहतो.

आता समजा त्याला कपाटात ४८ च कपडे हवेत. त्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला: वर्षाला १६ कपडे येतच राहतील, पण प्रत्येक कपडा तीनच वर्षं ठेवायचा. १६ × ३ = ४८.

दुसरा: वर्षाला ८ च कपडे आणायचे आणि प्रत्येक सहा वर्षं वापरायचा. ८ × ६ = ४८.

दोन्ही कपाटं उघडली तर सारखीच नीटनेटकी दिसतील. पाहुण्याला फरक कळणार नाही. पण पहिल्या कपाटातून वर्षाला १६ कपडे बाहेर पडतात, दुसऱ्यातून ८. पहिल्यासाठी दुप्पट कापूस पिकवावा लागतो, दुप्पट सूत कातावं लागतं, दुप्पट रंग लागतो.

एक किलो सुती कापडामागे जगाच्या सरासरीने सुमारे १०,००० लिटर पाणी खर्च होतं, असा पाण्याचा हिशोब मांडणाऱ्या अभ्यासकांचा अंदाज आहे. यात कपाशीच्या शेतावर पडणारं पावसाचं पाणीही धरलेलं आहे. पाव किलोच्या एका सदऱ्याचे अडीच हजार लिटर होतात. आठ सदरे कमी आणले तर २०,००० लिटर, म्हणजे मोठे दोन टँकर. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांतल्या मुलांना हा आकडा वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

थोडक्यात, घरात कमी वस्तू असणं आणि कमी वस्तू वापरून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हौदाची पातळी बघून नळाचा वेग कळत नाही. मोजायचा तो नळ.

बाहेरचा नळ का तुंबतो?

वापरत नाही ती वस्तू देऊन का टाकवत नाही? जॅक नेश या अर्थशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने विद्यार्थ्यांचे तीन गट केले. पहिल्या गटातल्या प्रत्येकाला एक कप भेट दिला, आणि थोड्या वेळाने विचारलं, ‘हा परत देऊन चॉकलेट घेणार का?’ दुसऱ्या गटाला आधी चॉकलेट दिलं आणि कपाशी अदलाबदल करणार का असं विचारलं. तिसऱ्या गटाला काहीच न देता दोन्हींतलं हवं ते निवडायला सांगितलं.

तिसऱ्या गटात ५६ टक्क्यांनी कप निवडला. म्हणजे दोन्ही वस्तूंची आवड जवळपास सारखी. पण आधी कप मिळालेल्यांपैकी ८९ टक्क्यांनी कप सोडला नाही, आणि आधी चॉकलेट मिळालेल्यांपैकी ९० टक्क्यांनी चॉकलेट सोडलं नाही! वस्तू ‘माझी’ झाली की काही मिनिटांतच तिचं मोल वाढलं. काही मिनिटांत हे होत असेल, तर वीस वर्षं माळ्यावर असलेल्या पितळी घंगाळाचं काय?

दाराशी बोहारीण आली की हाच प्रयोग घडतो. तीन वर्षं ट्रंकेच्या तळाशी पडलेली साडी तिने हातात धरून ‘विरली आहे, ताई’ म्हटलं की आपण लगेच तिची जर, तिचा पोत आणि कोणत्या लग्नात घेतली ते सांगू लागतो. आपल्याला ते खोटं वाटत नसतं. तिला दिसते ती फक्त एक जुनी साडी.

आतला नळ का वाहतो?

एक वस्तू दुसरीला घेऊन येते. फ्रान्समधला विचारवंत दिदरो याने १७६९ मध्ये आपल्या जुन्या झग्याविषयी एक निबंध लिहिला. त्याला एक सुंदर लाल झगा मिळाला. तो घातल्यावर खोलीतली जुनी खुर्ची त्याला गबाळी वाटू लागली, ती बदलली. मग टेबल, मग भिंतीवरची चित्रं. शेवटी जुना झगाच बरा होता असं त्याला वाटलं. कॅनडाचे मानवशास्त्रज्ञ ग्रँट मॅक्रॅकन यांनी १९८० च्या दशकात या साखळीला दिदरोचंच नाव दिलं.

आपल्याकडे नवा पडदा आला की सोफ्याचं कापड जुनं दिसतं, आणि नवा फोन घेतला की त्याचं कव्हर, काच आणि वेगळ्या पिनेचा चार्जर मागोमाग येतात. जुना चार्जर खणात जातो. तो खण बहुतेक घरांत आहे.

आहेर हा आपला आणखी एक नळ. ‘देण्याघेण्याच्या’ साड्या आणि खण कपाटात वेगळे ठेवलेले असतात. ते एका घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या घरी फिरत राहतात, आणि बरेचदा कुणीच नेसत नाही किंवा शिवत नाही.

वजन किती?

हे सगळे छोटे हौद एकत्र केले तर काय दिसतं? इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये असा हिशोब मांडला की माणसाने बनवलेल्या आणि वापरात असलेल्या सगळ्या गोष्टींचं वजन सुमारे १.१ लाख कोटी टन झालं आहे. पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांचं, म्हणजे झाडं, प्राणी, जीवाणू या सर्वांचं पाणी वगळून जे वजन भरेल, साधारण तेवढंच हे आहे. १९०० साली ते सजीवांच्या वजनाच्या फक्त ३ टक्के होतं. आज जगात दर आठवड्याला माणशी जेवढी नवी सामग्री बनते तिचं वजन त्या माणसाच्या वजनाहून जास्त असतं.

यात मोठा वाटा काँक्रीट, खडी, विटा आणि डांबराचा आहे. आपले चमचे आणि सदरे त्यात थोडेच. पण घरं आणि रस्ते सगळ्यांना अजून मिळालेले नाहीत, ते बांधावे लागणारच. ज्यांच्याकडे चमचे गरजेहून जास्त आहेत त्यांनी निदान चमच्यांचा नळ तपासावा, एवढं तरी म्हणता येईल.

नवा प्रश्न

पुढच्या आठवड्यात आमच्या बाईंनी त्याच वर्गाला दुसरा गृहपाठ दिला. घरातल्या पाचच वस्तू निवडायच्या आणि प्रत्येकीबद्दल पाच गोष्टी लिहायच्या: कुठून आली, किती वर्षं झाली, किती वेळा दुरुस्त केली, कोण कोण वापरतं आणि नकोशी झाली की कुठे जाईल. वर्षं माहीत नसतील तर घरातल्या मोठ्यांना विचारायचं. भांड्यांवर नाव आणि तारीख कोरलेली असते, तीही वाचायची.

त्या मुलीने लिहिलेल्या वस्तू अशा होत्या: पत्र्याची पेटी (३० वर्षं), आजीच्या लग्नातला नाव घातलेला तांब्या (४१), पाटा-वरवंटा (२४), सायकल (९) आणि आई-आजीच्या जुन्या लुगड्यांची गोधडी (६). सरासरी २२ वर्षं. वर्गात सगळ्यात जास्त. सायकलच्या टायरांचा तिसरा जोड चालू होता आणि ती घरातली तिघं वापरत होती. पंक्चर कसं काढतात हे तिने फळ्यावर आकृती काढून समजावलं. पाच-सहा पानी यादीवाल्या मुलांनी निवडलेल्या वस्तूंत दुरुस्तीच्या रकान्यात ‘एकदाही नाही’ हेच उत्तर जास्त होतं. का, यावर पुढचा सगळा तास गेला. काही वस्तू उघडताच येत नाहीत, काहींचे सुटे भाग मिळत नाहीत, आणि काही दुरुस्त करणारा माणूसच आता गल्लीत येत नाही, अशी कारणं मुलांनीच शोधली.

यावरून ‘कमी असणंच चांगलं’ असा धडा मात्र कुणी देऊ नये. त्या मुलीला अभ्यासाला टेबल नाही, घरी पुस्तकं ठेवायला जागा नाही. या गोष्टी तिच्या घरात यायलाच हव्यात. वस्तू कमी करण्याचा सल्ला ज्याच्याकडे जास्त आहेत त्यालाच देता येतो, आणि मास्तरांनी तो आधी स्वतःला द्यावा.

आणखी एक मुद्दा मुलांकडूनच आला. गावातल्या देवळात मोठी पातेली आणि पंगतीची ताटं ठेवलेली असतात. लग्नकार्याला जो तो ती घेऊन जातो आणि घासून परत ठेवतो. एका गावाला दोनशे ताटं पुरतात, कारण ती कुणा एकाची नाहीत. शाळेतलं वाचनालय आणि प्रयोगशाळाही तशीच. वस्तू वापरायला मिळण्यासाठी ती आपल्या मालकीचीच असावी लागते असं नाही.

करून पाहा

१. मोजण्याआधी अंदाज लिहा. चूक कोणत्या बाजूला झाली ते बघा.

२. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा. आत येणारी प्रत्येक वस्तू तारखेसह त्यावर लिहा. बाहेर गेलेली दुसऱ्या रकान्यात लिहा. वर्षाअखेर साठ्याला येणाऱ्या वस्तूंच्या संख्येने भागा.

३. हँगरवरचे सगळे कपडे उलट्या तोंडाने लावा. वापरलेला कपडा परत ठेवताना सुलट लावा. सहा महिन्यांनी उलटे किती राहिले?

४. वर्गात नेशचा प्रयोग पेन्सिल आणि खोडरबर घेऊन करता येतो. दोन्हींची किंमत सारखी असावी.

५. वर्गात मुलांना एकूण वस्तू मोजायला सांगू नका. वस्तूचं वय, दुरुस्ती आणि वापरणारे विचारा.

आमचं काय झालं, तेही सांगायला हवं. आम्ही फारसं काही फेकलं नाही. कपाटाच्या दारावरच्या कागदावर आजपर्यंत पाच कपड्यांची नोंद झाली आहे. लिहायचं आहे या विचारानेच दोनदा दुकानातून हात मागे आला, असं आमचा मित्र सांगतो. चमच्यांपैकी निम्मे शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या सामानात गेले.

न चालणाऱ्या ४१ पेनांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. भंगारवाला ती घेत नाही, कचऱ्यात टाकवत नाहीत. सध्या ती माळ्यावर टीव्हीच्या खोक्यात आहेत. कुणाला उपाय सुचला तर जरूर कळवावा.